शेवटचे दोन फर्मे

पडद्यावर नावांच्या ओळी वर सरकायला लागल्या, दिवे लागले, माणसं खुर्च्या आपटत उठली, तरी बायको जागची हलेना. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून ती त्या ओळींकडे बघत बसली होती. बाइंडर एक पाय वाटेत ठेवून अर्धवट उभा होता. त्याचे गुडघे आता असल्या अर्धवट उभं राहण्याच्या कामाचे राहिले नव्हते.

"चल," तो म्हणाला.

"संपला?"

"संपलाच की. नावं दिसताहेत ना."

"हा शेवट नाहीये," बायको म्हणाली. "अजून आहे."

झाडूवाली मागच्या रांगेपासून झाडत झाडत त्यांच्यापर्यंत आली, त्यांच्या पायांखालचे कागदी पेले उचलून पुढे गेली. पडदा पांढरा झाला. मग कुठे बायको उठली, आणि बाहेरचा रस्ता सोडून तरातरा मॅनेजरच्या खोलीकडे निघाली. झालं, बाइंडरने मनात म्हटलं. या बाईला घेऊन कुठे जायची सोय नाही. मागच्या वर्षी एका नाटकात नायकाने आईला उलट उत्तर दिलं म्हणून ही मध्यंतरात रंगपटात शिरायला निघाली होती.

मॅनेजर टेबलावर पाय पसरून फोनवर बोलत होता. बायकोला बघून त्याने पाय खाली घेतले.

"तुमच्या सिनेमाचा शेवट चुकलाय," ती म्हणाली.

"माझा नाही हो तो सिनेमा."

"कादंबरीत धाकटी आधी कडी लावते, पण शेवटी दार उघडते. हात धरून बहिणीला आत घेते. यांनी कडीवरच कसं संपवलं?"

"बाई, मी कादंबरी वाचलेली नाही आणि सिनेमाही पाहिलेला नाही. मी तिकिटं विकतो."

"मग निदान त्यांना विचारा तरी."

"विचारतो हां," मॅनेजर म्हणाला, आणि त्याने बाइंडरकडे अशा नजरेने बघितलं की बाइंडरला उगीचच आपण या बाईचे वकील असल्यासारखं वाटलं. तो जिना उतरायला लागला.

घरी जाईपर्यंतच्या सगळ्या रस्त्याला तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. सिनेमावाल्यांना अक्कल नाही. चांगलं पुस्तक दिसलं की त्याचं वाटोळं केल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. दोन बहिणी, आयुष्यभर एकमेकींवर रुसलेल्या. मोठी शेवटी स्वतः होऊन दारात येते, आणि ती धाकटी काय करते, तर खिडकीतून तिला बघते आणि आतून कडी लावते. मग ती कडी एवढी मोठी करून दाखवायची. कडी बघायला तिकीट काढलं का आपण?

बाइंडर हं हं करत चालला होता. खरं सांगायचं तर त्याला सिनेमा आवडला होता. ती कडी सरकतानाचा आवाज ऐकून त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने नाक ओढलं तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं की आपण एकटेच नाही. पण हे आत्ता बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

"सिनेमात बदल करतातच," तो एवढंच म्हणाला.

"करू देत. मला त्याचं काय? ताईने पुस्तक वाचलं हे नशीब. हा सिनेमा आधी बघितला असता तर माझं मेलीचं काय झालं असतं?"

हे मात्र खरं होतं.

बायको आणि तिची थोरली बहीण गेली आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं करायला धाकटी होती. थोरली एका शाळेची मुख्याध्यापिका. ती आली, दोन दिवस राहिली, आणि परीक्षा तोंडावर आहेत म्हणून निघाली. तेव्हा धाकटीने भरल्या घरात, चार नातेवाइकांसमोर सुनावलं, "पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जा." थोरली गेली. त्याच आठवड्यात आई गेली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव काढलं नाही. म्हणजे थोरलीचं माहीत नाही, पण धाकटीने बाइंडरजवळ रोज काढलं. ताईने असं करायला नको होतं, मी असं बोलायला नको होतं, पण तिने तसं केलं नसतं तर मी कशाला बोलले असते. हे दळण आठ वर्षं ऐकून बाइंडरचे कान किटले होते. एकदा तो वैतागून म्हणाला, "अगं मग फोन कर ना तिला." त्यावर ती चार दिवस त्याच्याशीही बोलली नाही.

आणि मग ही कादंबरी घरात आली. बाइंडर ज्या वाचनालयात पुस्तकं बांधायचा तिथलीच ती. पार खिळखिळी झालेली, सिनेमा येणार म्हणून मागणी वाढलेली. त्याने ती उसवून नव्याने शिवली, नवे पुठ्ठे चढवले, आणि कपाटात जायच्या आधी बायकोला वाचायला आणून दिली. तिने दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने, बाइंडर दाढी करत असताना, त्याला न विचारता, थोरलीला फोन लावला.

"ताई, मी बोलतेय. मला नीट बोलता यायचं नाही," ती म्हणाली. आरशात बाइंडरला तिची पाठ दिसत होती. "तू अमकी कादंबरी मिळव आणि वाच. शेवट नीट वाच. शेवटी जे होतं ना, तेच माझं म्हणणं आहे." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि धाय मोकलून रडली.

आठवडा गेला. मग थोरलीचा फोन आला, तोही इतका छोटा की बायकोला हॅलोच्या पुढे काही बोलताच आलं नाही. "वाचलं. रविवारी येते." खट्.

"तिला बोलवेना बघा," बायको डोळे पुसत म्हणाली. "गळा दाटून आला असणार."

तर अशी ही हकीकत, आणि रविवार आता तीन दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहाच्या कपाशेजारी ती कादंबरी आणून आपटली.

"वाचा."

"मी?"

"शेवटचं पान वाचा आणि सांगा, मी म्हणते ते खोटं आहे का. काल मान हलवत होतात नुसती, मला कळत नाही का?"

बाइंडरने आयुष्यात हजारो पुस्तकं शिवली होती आणि धड एकही वाचलं नव्हतं. वाचत बसलो तर शिवणार कधी, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा. पण बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. त्याने चष्मा लावला, शेवटचं पान काढलं. दार उघडलं होतं. मोठी पायरीवर उभी होती. धाकटीने तिचा हात धरून तिला आत घेतलं, पाणी उकळायला ठेवलं आणि.

‘आणि’वर पुस्तक संपलं होतं.

"हे असं कसं संपतं?" तो म्हणाला.

"तीच तर गंमत आहे. आणि… संपलं. पुढे लिहायचंच काय? पुढचं आपलं आपण समजायचं. मोठा लेखक आहे तो. मध्येसुद्धा एका ठिकाणी असंच करतो. वाक्य अर्धवट तुटतं आणि पुढच्या पानावर भलतंच चालू होतं. आधी मला कळेना, मग म्हटलं, नवी पद्धत असेल."

बाइंडरच्या हातातला कप तसाच राहिला.

"कुठे तुटतं?"

तिने पानं मागे उलटून दाखवलं. तिने दाखवलं तिथून पुढे बाइंडरने एक एक पान सोडत नेलं. सोळा पानं झाली. त्यांतल्या शेवटच्या पानावर मजकूर अर्ध्यातच थांबला होता आणि खाली कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. बायकोला ते प्रकरण संपल्याचं चिन्ह वाटलं असेल. पण छापखान्याचं नाव पुस्तकाच्या पोटात कुणी छापत नाही.

पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांचं असतं. त्या घडीला धंद्यात फर्मा म्हणतात. फर्मे क्रमाने एकावर एक लावायचे, शिवायचे, मग कडा कापायच्या. कुणी चूक केलीच तर पानांवरचे आकडे बोंब मारतात. या पुस्तकात आकडे नव्हते. ते का नव्हते हे बाइंडरला चांगलं माहीत होतं. त्या दिवशी चष्मा टेबलावर ठेवून त्याने कटिंग मशीनवर माप घेतलं होतं, आणि सुरीने खालची पट्टी आकड्यांसकट उडवली होती. ग्रंथपाल बाईंना त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. आकडे कोण बघतो, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत काढली होती. पण त्याच्याही आधी, फर्मे लावताना, बायकोचा फोन आला होता. येताना बल्ब आणा, मागच्या वेळेसारखा पिवळा आणू नका, पांढरा आणा. पांढरा, पांढरा, असं घोकत त्याने शेवटचे दोन फर्मे उचलले होते. पांढरा बल्ब बरोबर आणला होता. फर्मे उलट क्रमाने लावले होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "मी म्हणते तेच आहे ना?"

"आहे ते आहे," बाइंडर म्हणाला आणि चहा न पिताच कामाला निघाला.

वाचनालयात नवी आणलेली दुसरी प्रत होती. ग्रंथपाल बाई टेबलापाशी यायच्या आत त्याने ती कपाटातून काढली आणि कपाटाला टेकून, उभ्या उभ्या, आयुष्यातलं पहिलं वाचन केलं. पाणी उकळायला ठेवलं आणि ते उकळायच्या आत दोघी पुन्हा त्याच जुन्या भांडणावर आल्या. मोठी उठून गेली. वर्षं गेली. मोठी पुन्हा आली, म्हातारी होऊन आली. धाकटीने खिडकीतून बघितलं. अगं उघड की, बाइंडर ओठांतल्या ओठांत म्हणाला. धाकटीने आतून कडी लावली. मोठी थोडा वेळ पायरीवर उभी राहिली आणि कुणाला हाक न मारता आल्या वाटेने निघून गेली. खाली छापखान्याचं नाव.

म्हणजे सिनेमावाल्यांनी काडीचाही बदल केला नव्हता. आणि म्हणजे बायकोने आठ वर्षांनी आपण होऊन फोन करून थोरलीला सांगितलं होतं की शेवटी जे होतं तेच माझं म्हणणं आहे, आणि थोरलीने नीट वाचून बघितलं होतं की शेवटी तिच्या तोंडावर कडी लागते.

बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीचा गळा दाटून आला नव्हता. तो आवाज दाटलेल्या गळ्याचा नव्हताच. ती जाब विचारायला येत होती.

त्याला लेखकाचा राग आला, बल्बचा आला, वाचकांच्या हातात पुस्तकं खिळखिळी होतात त्याचा आला. पण कुणावर ओरडायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने ग्रंथपाल बाईंना विचारून त्यांच्या टेबलावरून थोरलीला फोन लावला.

"ताई, मी बोलतोय."

"बोला भावोजी." शाळा सोडून दोन वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्ग शांत करणाराच होता.

"ते पुस्तक… त्यात जरा…"

"वाचलं मी. दोनदा वाचलं."

"नाही, तसं नाही, माझ्याकडून…"

"तुम्ही मध्ये पडू नका. हे आमच्या दोघींतलं आहे. रविवारी येते तेव्हा समोरासमोरच काय ते बोलू." आणि खट्.

त्याने पुन्हा लावला तर तिने उचलला नाही.

आता राहिली बायको. तिला सांगायला हवं होतं हे बाइंडरला कळत होतं, पण इथेच घोडं पेंड खात होतं. सांगितलं की ती हाय खाणार. मग फोन करून थोरलीला सांगणार की अगं तसं नाही, आमच्या यांनी पुस्तक उलटं शिवलं. थोरली म्हणणार, वा, आठ वर्षांनी बोलावलंस आणि सबब काय शोधलीस, तर बाइंडर. जगात कुणाला पटेल हे? त्याचं त्यालाच पटत नव्हतं. शिवाय आपल्या हातून असं झालं हे तोंडाने सांगायचं म्हणजे जिभेवर दगड ठेवल्यासारखं होत होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने घरी एकच तोरा मिरवला होता, की माझ्या हातच्या पुस्तकाचं पान सुटत नाही.

शनिवारी बायको पहाटेपासून कामाला लागली. मधल्या खोलीतला पलंग तिने खिडकीजवळ सरकवला, कारण ताईला वारा लागतो. मग भिंतीजवळ सरकवला, कारण ताईला उजेडाने झोप येत नाही. दोन्ही वेळा बाइंडरने दुसरी बाजू धरली.

"ऐक ना," पहिल्यांदा सरकवताना तो म्हणाला.

"पाय सांभाळा. हं, उचला."

"मला काय म्हणायचंय, की पुस्तकावर एवढं विसंबून…"

"त्या सिनेमाचं नाव काढू नका. माझं डोकं उठतं."

"सिनेमाचं नाही म्हणत मी."

"मग?"

तिच्या केसांत कोळिष्टकं अडकली होती. गालाला धूळ लागली होती. गेल्या कित्येक वर्षांत तिचा चेहरा इतका मोकळा त्याने बघितला नव्हता. "मग काही नाही," तो म्हणाला. "थोडा डावीकडे घेऊ."

दुपारी त्याने आणखी एकदा घसा खाकरला, तेव्हा तिने त्याला उशांचे अभ्रे बदलायला बसवलं. संध्याकाळी ती आपण होऊनच म्हणाली, "मला ना, त्या लेखकाचे पाय धरावेसे वाटतात. आठ वर्षं मला जे सुचलं नाही ते त्याने एका पानात लिहिलं."  धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाइंडर गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि उद्या सकाळी नक्की सांगायचं असं त्याने ठरवलं.

पण रविवारी सकाळी थोरली ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आली. खाली रिक्षा थांबली, पायऱ्यांवर पावलं वाजली. बाइंडर आतून येईपर्यंत बायकोने बेलची वाटही न बघता दार उघडलं होतं.

थोरली दारात उभी होती. केस पार पांढरे झालेले, जिना चढून धाप लागलेली, आणि काखेत ती कादंबरी, नवी कोरी. ती बोलायच्या तयारीने तोंड उघडून आली होती. दार आधीच उघडलेलं बघून तिचं तोंड तसंच राहिलं.

"उघडलंस?" ती म्हणाली.

"मग काय बंद ठेवू?"

"तू तर तसंच कळवलं होतंस."

"मी? मी कधी कळवलं? ये ना आत."

"थांब. आत नंतर येते." थोरलीने कादंबरी काखेतून काढली. "शेवट नीट वाच म्हणालीस. मी वाचला. शेवटी जे होतं तेच तुझं म्हणणं, असं म्हणालीस की नाही?"

"हो. म्हणाले."

"मग लाव कडी."

"कसली कडी?" बायको म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उजळला. "अगं, तू सिनेमा बघितलास वाटतं. तो सोड. त्या मूर्खांनी सगळं बदललंय. पुस्तकात शेवटी ती हात धरून आत घेते."

"चिमे, मी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं. मला वाचता येतं. ती कडी लावते."

"आत घेते."

"कडी लावते."

"पाणी उकळायला ठेवते आणि मग पुस्तक संपतं."

"पाणी उकळायच्या आत भांडतात आणि मग पुस्तक संपतं."

समोरच्या घराचं दार किंचित उघडलं आणि पुन्हा लागलं. बायको आत गेली आणि आपली प्रत घेऊन आली. दोघींनी उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे उभं राहून आपापलं शेवटचं पान काढलं आणि एकमेकींच्या नाकासमोर धरलं. दोघींनी ती पानं वाचली. थोरलीने धाकटीच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"याला आकडेच नाहीत," ती म्हणाली.

"माझ्याकडून झालं," बाइंडर म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बराच बारीक निघाला. "शेवटचे दोन फर्मे उलटे लागले. आधीचा मागे गेला, मागचा आधी आला. ताईंचं पुस्तक बरोबर आहे. सिनेमाही बरोबर आहे."



"तुम्हाला कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"शुक्रवारी."

"शुक्रवारी. आणि काल मला दिवसभर पलंग सरकवू दिलात."

"सांगणार होतो."

"म्हणून फोन केला होतात होय मला?" थोरली म्हणाली. "मग सांगायचं ना नीट. अं अं करत होते नुसते."

"असंच करतात. महत्त्वाचं बोलायचं असलं की मूग गिळून बसतात."

"चष्मा कुठे होता तुमचा?"

"टेबलावर," बाइंडर म्हणाला.

"टेबलावर," थोरली धाकटीला म्हणाली.

"नाकावर कसा असेल? जेवताना शोधतात, पेपर वाचताना शोधतात. परवा फ्रिजमध्ये सापडला."

"आणि आकडे उडाले ते उडाले, पण निदान…"

"निदान सांगायचं तरी. तेही नाही."

"त्या वेळी तुझाच फोन आला होता," बाइंडर म्हणाला. "बल्ब आण म्हणून."

"म्हणजे माझी चूक?"

"म्हणजे हिची चूक?" थोरली त्याच दमात म्हणाली. ती बोलता बोलता कधी उंबरठ्याच्या आत आली ते तिलाही कळलं नसावं. चपला मात्र अजून पायांतच होत्या. "माझ्या शाळेत हिशोबात घोळ घालून वर दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्या पोराला मी दिवसभर उभं केलं असतं."

"कर ना उभं. मी काही म्हणणार नाही."

बाइंडर उभाच होता. तो भिंतीला टेकला. बोलणी खायची त्याला सवय होती, पण दोन्हीकडून एकदम खायची ही बऱ्याच वर्षांतली पहिलीच वेळ.  दोघी मनसोक्त बोलल्या. त्याच्या विसरभोळेपणावर बोलल्या, त्याच्या गुडघ्यांवर बोलल्या, लग्नाच्या वेळी त्याने उलट्या बटणांचा शर्ट घातला होता त्यावरही बोलल्या. ते तो स्वतःही विसरला होता.

मग बोलता बोलता बायको थांबली. तिने थोरलीच्या हातातलं नवं पुस्तक घेतलं आणि दारातच उभं राहून शेवटची पानं वाचायला लागली.  वाचताना बायकोचे ओठ हलत होते. शेवटच्या पानावर ते हलायचे थांबले. तिने ते पान पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"हे वाचून आलीस तू?" तिने विचारलं.

"हो."

"मीच हे सांगितलंय असं समजून?"

"आधी चार दिवस नुसती जळफळले. वाटलं, उभ्या जन्मात या बयेचं तोंड बघायचं नाही." थोरलीने डोळे दुसरीकडे वळवले. "मग त्या पुस्तकातल्या मोठीचाच राग यायला लागला. एवढं चालून आलीस, आणि कडी वाजली की निघालीस? एक हाक तरी मारायची. म्हटलं, हिला लावायचीच असेल कडी तर माझ्या तोंडावर लावू दे. पुस्तकातून काय लावते?"

"आणि मी लावली असती तर?"

"तर बेल वाजवली असती."

"आणि तरी उघडलं नसतं तर?"

"तर पुन्हा वाजवली असती. मला कुठे परीक्षा आहेत आता."

बायकोने पदराने नाक पुसलं.  ती खाली वाकली आणि थोरलीच्या चपलांचे बंद सोडायला लागली. "अगं, काय करतेस," थोरली म्हणाली, पण पाय मागे घेतला नाही.

बाइंडर त्यांच्या बाजूने अंग चोरून बाहेर गेला. थोरलीची बॅग जिन्याच्या तोंडाशीच होती. त्याने ती एका हाताने उचलायला बघितली आणि मग दोन्ही हात लावले.